सात नंबरचं उत्तर

लाइट काही तासाभरात यायची नाही, मी वायरमनला विचारून आलोय. तेव्हा बसा इथेच, गच्चीवर वारं तरी आहे. फक्त ते मोबाईल पालथे ठेवा. पुष्कर, तुझा आधी. अनुया, तुला भीती वाटणार असेल तर आत्ताच खाली जा, अर्ध्यात उठून मला शिव्या देऊ नकोस. आणि आधीच बजावतो, यात पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत, पिंपळही नाही. शिकल्यासवरल्या माणसाची गोष्ट आहे, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या.

त्याचं नाव महेंद्र. त्याच्या वडिलांनी आणि मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं एकत्र काढली. ते गेले आणि पोरगा मला काका म्हणायला लागला. मी तेव्हा अंबरनाथ-बदलापूरच्या मधे चिखलोलीला राहायचो, चौथ्या मजल्यावर. तो त्याच इमारतीत सहाव्यावर. घरात तो, बायको नीलिमा आणि आई, आमच्या अंजनावहिनी. नीलिमा नर्स, उल्हासनगरच्या एका दवाखान्यात, महिन्यातले दहा-बारा दिवस तिला रात्रपाळी. वहिनी बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हॉलमध्येच त्यांची कॉट टाकली होती. कॉटवरून उठायला कुणीतरी हात द्यावा लागायचा. एकदा उभ्या राहिल्या की मग वॉकर धरून चालायच्या. महेंद्र आईवेडा. बाकी तुमच्यामाझ्यासारखाच, जरासा हुशार, जरासा आळशी.

तर डिसेंबरची एक तारीख, रविवार, संध्याकाळचे सात. महेंद्र उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात गेला होता. वॉकरच्या एका पायाचं रबर झिजलं होतं, तेवढंच आणायचं होतं. दुकानदार सिंधी म्हातारा. म्हणाला, "साईं, एक नहीं मिलेगा, चार का सेट आता है." महेंद्र म्हणाला, "एकच झिजलंय हो, चार घेऊन काय करू?" म्हातारा म्हणाला, "आज एक गया, कल दूसरा जाएगा. ले जाओ." महेंद्र हसला, खिशात हात घातला, आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. कंपनीच्या सर्व्हरचा मेसेज होता. *सात नंबर: उत्तर मिळाले. सिग्नल उणे १२१.*

महेंद्र तसाच उभा राहिला. म्हातारा रबरं पिशवीत भरून "साईं, साईं" करत होता, याला ऐकू येईना.

का, ते सांगतो. महेंद्रची नोकरी आधी समजून घ्या. त्याच्या कंपनीनं उल्हास नदीच्या काठानं दहा-बारा खांब रोवले होते. खांबावर एक डबा, डब्यात बॅटरी, आणि नदीकडे तोंड करून बसवलेला सेन्सर. पाणी आपल्या खाली किती मीटरवर आहे तेवढं तो मोजायचा आणि वायरशिवाय, रेडिओवर सांगायचा. ते ऐकायला तीन अँटेना. एक बदलापूरला नदीकाठच्या मांजर्लीत, एक बदलापूर स्टेशनजवळ, आणि एक महेंद्रनं चाचणीसाठी म्हणून आमच्याच इमारतीच्या गच्चीवर लावलेली. अंबरनाथच्या ऑफिसातला सर्व्हर दर पाच मिनिटांनी सगळ्यांची हजेरी घ्यायचा, शाळेत घेतात तशी. एक नंबर आहेस का? आहे. तुझा आवाज किती जोरात येतोय? उणे ऐंशी. चल, दोन नंबर. या हजेरीला ते लोक एसएनएमपी म्हणतात. आणि आवाजाचा तो आकडा नेहमी उणेत असतो. उणे एकशे वीस म्हणजे लांब, जेमतेम ऐकू येतंय. आकडा शून्याकडे जसजसा सरकेल तसतसं यंत्र जवळ. उणे तीस म्हणजे अँटेनाशेजारी हातात धरून कुणी उभं आहे.

सात नंबर होता मांजर्लीचा. आणि तो खांब चार महिन्यांपूर्वी नदीनं मुळापासून उपटून नेला होता.

ती रात्र गटारीची. आषाढ अमावास्या, रविवार, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. महेंद्र मित्रांबरोबर बारवीच्या रस्त्याला कुणाच्या तरी फार्महाऊसवर बसला होता. मटण, बाटल्या, पत्ते, सगळं यथासांग. पाऊस दुपारपासून झोडपत होता. आता सात नंबरची एक खोड होती, जोराचा पाऊस आला की त्याचा सिग्नल तुटायचा. तुटला की महेंद्रच्या मोबाईलवर अलार्म, पाच-पाच मिनिटांनी. शिवाय तुटलेले तास महिन्याच्या रिपोर्टात लाल दिसायचे, आणि लाल दिसलं की वरच्या साहेबाची बोलणी. त्यावर या लोकांनी एक युक्ती काढली होती. सेन्सरला 'होल्ड'वर टाकायचं. मग उत्तर आलं नाही तरी पडद्यावर शेवटचं रीडिंग तसंच राहतं, हिरव्या रंगात. अलार्म नाही, लाल नाही, साहेबही खूश. ऑफिसातले सगळेच करायचे, दर पावसाळ्यात करायचे, आणि कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

रात्री नऊ वाजता महेंद्रनं सात नंबर होल्डवर टाकला. शेवटचं रीडिंग होतं, पाणी तीन मीटर ऐंशी खाली.

बारा चाळीसला फोन आला. मांजर्लीतल्या एका सोसायटीचे वॉचमन होते दौलतराव. साठीचे, तिथल्याच गावातले, शेती बिल्डरला गेल्यावर त्याच जागेवर राखण करायला उभे राहिलेले. पंपाशेजारच्या खोलीत ते आणि त्यांची बायको गोजरबाई राहायचे. गोजरबाईंची उजवी बाजू लकव्यानं गेलेली. सात नंबरच्या खांबावर लक्ष ठेवायला महेंद्रनंच दौलतरावांना सांगितलं होतं, म्हणून त्याचा नंबर त्यांच्याकडे होता.

"सायेब, झोपला नव्हता ना? नदीचा आवाज मना बराबर वाटत नाय. पानी किती हाय?"

महेंद्रनं फोन कानाचा काढून ॲप उघडलं. हिरवं. तीन ऐंशी. होल्डवर टाकल्याचं त्याच्या लक्षात होतं का? मी त्याला हे विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, लक्षात होतं आणि नव्हतंही." दारूच्या डोक्यानं हिरवा रंग दिसला आणि बरं वाटलं, एवढंच.

"तीन ऐंशी आहे दौलतराव. लांब आहे पाणी."

"हिला वरती नेऊ का? पयल्या मजल्यावर?"

"कशाला एवढ्या रात्री त्रास देताय त्यांना. झोपू द्या."

सव्वादोनला पाणी सोसायटीत शिरलं. दौलतराव फाटकापाशी मेन स्विच बंद करायला गेले होते, मागच्या नाल्यानं पाणी आलं आणि ते फाटकाच्या बाजूलाच अडकले. जिन्यात चौघांनी त्यांना धरून ठेवलं, नाहीतर तेही गेले असते. सकाळी पाणी उतरल्यावर गोजरबाई खोलीतच सापडल्या, खाटेवर.

सोमवारी अकरा वाजता महेंद्रनं होल्ड काढला. होल्ड केल्याची नोंदही काढली. रिपोर्टात लिहिलं, खांब वाहून गेल्यामुळे त्या रात्रीची माहिती उपलब्ध नाही. खोटं म्हणावं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता. कुणी विचारलंही नाही. तेराव्याला तो मांजर्लीला जाऊन आला. दौलतरावांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुमी फोन उचलला सायेब. एवढ्या राती कोन उचलतो?"

हे ऐकून महेंद्र घरी आला आणि तीन दिवस त्याच्या घशाखाली अन्न उतरलं नाही. मग उतरायला लागलं. माणसाचं असंच असतं.

आणि आता एक डिसेंबरला, सात नंबर म्हणत होता, आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मांजर्लीला गेला. कुणाला डबा सापडला असेल, बॅटरी जोडून बघितली असेल, असं त्याला वाटलं. काठावर खांबाचं सिमेंटचं बूड होतं, उखडलेलं. आजूबाजूला चिखल वाळून भेगाळलेला. दोन तास तो गवत तुडवत फिरला. काही नाही. संध्याकाळी ऑफिसातून निघताना त्यानं पडदा बघितला, सात नंबर गप्प. रात्री साडेनऊला पुन्हा उत्तर आलं. आणि या वेळी नुसतं उत्तर आलं नाही.

त्या डब्यांची एक सोय असते. सिग्नल तुटला तरी आतला सेन्सर मोजत राहतो आणि रीडिंग साठवून ठेवतो. पुन्हा संपर्क झाला की जुनी रीडिंग जुन्या वेळेसकट पाठवून देतो. सात नंबरनं पहिलं रीडिंग पाठवलं. गटारीचा रविवार, रात्रीचे नऊ वाजून पाच. तीन मीटर सत्तर.

महेंद्रनं त्या रात्रीचा आलेख उघडला. जिथं त्यानं रिकामी जागा ठेवली होती, तिथं एक ठिपका होता.

त्यानं ठिपका पुसला. पाच मिनिटांनी हजेरी झाली आणि ठिपका परत आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्यानं संगणक बंद केला आणि आईच्या कॉटवर जाऊन बसला. वहिनी म्हणाल्या, "काय रे, बरं नाही का?" तो म्हणाला, "काही नाही, डोकं चढलंय." कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? पण झाकणाऱ्याला वाटतं, राहील.

रोज रात्री दोन-चार ठिपके भरायचे. रेघ चढत चालली. नऊ पंचवीसला तीन पन्नास. दहाला तीन दहा. आणि सिग्नल बदलत होता. आधी मांजर्लीच्या अँटेनाला तो जोरात ऐकू यायचा, मग तिथं क्षीण व्हायला लागला आणि स्टेशनच्या अँटेनाला वाढायला लागला. महेंद्रनं वही केली. सरकणं फक्त रात्री. एका रात्रीत दोनशे मीटर, कधी दीडशे. जरा सरकायचं, थांबायचं. जरा सरकायचं, थांबायचं. रेल्वे लाइन ओलांडायला तीन रात्री लागल्या. कुणी गाडीत घालून नेत असेल म्हणावं तर गाडी असली कसली. वहीतल्या आकड्यांकडे बघत तो मला म्हणाला होता, "काका, हे चालणं आहे. पाय ओढत चालल्यासारखं."

वीस तारखेला स्टेशनचा आकडा उतरायला लागला. आणि तिसऱ्या अँटेनानं, आमच्या गच्चीवरच्या अँटेनानं, पहिल्यांदा सात नंबर ऐकला. उणे एकशे एकोणीस.

बावीसला, रविवारी, त्यानं मला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. होल्डसकट. आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला झाडला. म्हटलं, हे यंत्राचं दुखणं नाही महेंद्र, हे तुझं आहे. जा, त्या म्हाताऱ्याला खरं सांग. तो म्हणाला, "नोकरी जाईल. केस होईल. आईचं काय?" मी म्हटलं, होईल ते होईल, पण हे घराच्या दारात येण्याआधी जा. तो म्हणाला, "एक तारखेनंतर जातो." मी म्हटलं, बरं.

सांगणं सोपं असतं पोरांनो. मी गच्चीवर आरामात बसून सांगितलं.

तीस डिसेंबर, सोमवार. अमावास्या होती. मी मुद्दाम घातलेली नाही, कालनिर्णयात बघा वाटल्यास. नीलिमा आठ वाजता रात्रपाळीला गेली. थंडी पडली होती, रस्त्यावर धुकं. महेंद्रनं आईला जेवायला घातलं, गोळी दिली, पांघरूण घातलं. मग संगणक उघडून बसला. सिग्नलकडे त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं, त्याचं लक्ष ठिपक्यांकडे होतं. कारण रेघ संपत आली होती. बारा चाळीसचा ठिपका आला. एक मीटर नव्वद. म्हणजे दौलतरावांनी विचारलं तेव्हा पाणी निम्मं वर आलं होतं. दीडचा आला, एक मीटर. दोनचा आला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवटचा आला. सव्वादोन. शून्य.

आता त्या रात्रीत रिकामी जागा उरली नव्हती. महेंद्र उठला, खाली येऊन त्यानं माझं दार वाजवलं. "काका, मी जाऊन येतो. आत्ताच जातो, नाहीतर परत हिंमत व्हायची नाही. आई झोपलीय." मी म्हटलं, वर जाऊन बसू का? किल्ली माझ्याकडे असायचीच, दाराजवळच्या खिळ्याला. तो म्हणाला, "नको, तुम्ही झोपा. तासा-दीड तासात येतो." तो लिफ्टनं उतरला. मी दार लावलं.

बारा वाजायच्या सुमाराला तो मांजर्लीला पोचला. दौलतराव फाटकाच्या केबिनमध्ये कानटोपी घालून बसले होते. त्यांनी याला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. महेंद्रनं सांगितलं. आडवळण न घेता, एका दमात. होल्ड म्हणजे काय तेही सांगितलं. सांगून झालं आणि तो खाली बघत बसला.

दौलतरावांनी कानटोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी फोन केला तवा तुमच्या यंत्राला ठाव हुतं?"

"हो."

"आन् आत शिरलं कवा?"

"सव्वादोनला."

दौलतरावांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे दीड तास." पुन्हा मोजलं. "तिला एक मजला चढाया अर्धा तास लागायचा. एका हातानं कठडा धरून, पाय वढत. तीन मजले चढली असती."

महेंद्र त्यांच्या पायाशी वाकायला गेला. ते मागे सरले.

"मना हे सांगाया नको हुतं सायेब. मी आपला नदीला शिव्या घालत बसलो हुतो. तेवढ्यावर रात निघत हुती. आता..."

त्यांनी केबिनचा दिवा मालवला आणि अंधारात बसले. महेंद्र बाहेर आला. त्याला वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. उलट ते आता दोघांच्या छातीवर होतं. गाडीला किल्ली लावताना त्यानं सवयीनं मोबाईल काढला. सात नंबर. आज पहिल्यांदा त्यानं सिग्नल बघितला.

दहा वाजता, उणे शहात्तर. साडेदहाला, उणे सत्तर. अकराला, उणे चौसष्ट. साडेअकराला, उणे अठ्ठावन्न. बाराला, उणे बावन्न.

अर्ध्या-अर्ध्या तासानं. एकेक पायरी... नाही. एकेक मजला.

त्यानं मोजलं. दहा वाजता जिन्याच्या तळाशी. बाराला चौथा. साडेबाराला पाचवा. एक वाजता...

घड्याळात बारा वीस झाले होते.

आता मी माझं सांगतो. मला झोप लागली नव्हती. बाराच्या जरा आधी जिन्यात आवाज झाला. कठड्यावर तळहात पडल्याचा. मग काहीतरी फरशीवरून ओढल्याचा. मग थांबा. पुन्हा तळहात. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, रात्री जिना कुणी चढत नाही. आवाज माझ्या दारापाशी आला. तिथं थांबला. बराच वेळ थांबला. ओल्या मातीचा वास आला. दाराच्या फटीतून. मग तळहात पुन्हा कठड्यावर... आणि वर.

मी दार उघडलं नाही.

बारा बावीसला महेंद्रचा फोन. "काका, वर जा. किल्ली घ्या, लिफ्टनं जा, आईला उठवा, हात द्या, तुमच्या घरी आणा. काका, आत्ता. विचारू नका." मी म्हटलं, हो. जातो.

मी किल्ली घेतली. दाराच्या कडीला हात लावला.

वरती... एक मजला वर, जिन्यात... थांबलं होतं ते. मी कडी घट्ट धरली, आणि धरूनच राहिलो. दोन मिनिटांचं काम होतं रे. दाराबाहेर चार पावलांवर लिफ्ट. मी उभा राहिलो. साडेबारा झाले. पावणेएक झाला. मी देवाचं नाव घेत होतो असं म्हणालो असतो, पण खोटं कशाला. मी काहीच म्हणत नव्हतो. खालून महेंद्रच्या गाडीचा आवाज आला तेव्हा एक वाजून तीन मिनिटं झाली होती.

तो लिफ्टसाठी थांबला नाही. जिन्यानंच धावत आला. माझ्या दारापुढून गेला तेव्हा मी दार उघडलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. आणि वर गेला.

मी मागून गेलो.

कुलूप जसंच्या तसं. आत दिवा बंद. वहिनी कॉटवर होत्या. गेल्या होत्या. अंग अजून कोमट. झोपेत गेलेलं माणूस असं नसतं... त्या अर्ध्या उठून बसल्या होत्या, पाठ भिंतीला. उजवा हात पुढं केलेला. उठताना कुणी हात दिला की धरतात, तसा.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय झालं होतं. दाखला मिळाला.

सात नंबरनं एक वाजता शेवटचं उत्तर दिलं होतं. उणे चाळीस. त्यानंतर आजपर्यंत नाही. महेंद्रनं नोकरी सोडली, कंपनीला सगळं लेखी दिलं. कंपनीनं ते कुठल्या तरी फायलीत लावलं. दौलतराव फाटकावरून उठून कुठं गेले ते गावातही कुणाला ठाऊक नाही. नीलिमा आणि महेंद्र एका घरात राहतात, साताऱ्याकडे, तिच्या भावाच्या शेजारी. ती बोलते, तो ऐकतो असं म्हणतात. माझ्याशी तो त्या रात्रीनंतर बोललेला नाही. मी दोनदा फोन केला. उचलला नाही. बरोबरच आहे त्याचं.

अनुया, रडू नकोस. अजून थोडं आहे.

घर विकायला काढलं. किल्ली माझ्याकडेच राहिली होती, परत कुणी मागितली नाही. मार्चमध्ये एजंटानं रंगारी पाठवला, दार उघडून द्यायला मी गेलो. अडीच महिने घर बंद, खिडक्या लावलेल्या. रंगाऱ्यानं खिडकी उघडली, उजेड आत आला, आणि तो हॉलच्या मधोमध थांबला. मांजर्लीचाच होता तो. म्हणाला, "काका, हे कितव्या मजल्यावर आलोय आपण?"

मी म्हटलं, सहाव्या.

त्यानं भिंतीकडे बोट केलं. बोटभर रुंदीची तपकिरी रेघ. चारही भिंतींवर, दारावर, कपाटावर, खिडकीच्या चौकटीवर, एका पातळीत, कुठं तुटलेली नाही. तिच्या खालचा रंग फुगून पोपडे सुटलेले, वरचा कोरा. जिथं वहिनींची कॉट होती तिथं, गादीच्या दोन वीत वर.

"पूर उतरल्यावर राहते ना," रंगारी म्हणाला, "ती रेघ आहे ही."

मी जवळ गेलो. बोट लावलं.

ओली होती.